पायची किंमत किती घ्यावी? नवशिक्यांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

शाळेच्या भूमितीत प्रश्नाखाली कंसात 'पाय = २२/७ घ्या' किंवा 'पाय = ३.१४ घ्या' अशी सूचना छापलेली असते, आणि बहुतेकांची पायशी ओळख तेवढ्यावरच थांबते. या दोन संख्या सारख्या नाहीत. पहिली दशांशात ३.१४२८५७ अशी पुढे चालू राहते, दुसरी दोन स्थळांनंतर संपते. एकाच राशीच्या दोन किमती कशा असू शकतात, हा प्रश्न वर्गात क्वचितच विचारला जातो. उत्तर सरळ आहे: दोन्ही संख्या पायच्या जवळच्या आहेत, पण पाय त्या दोहोंपैकी एकही नाही. कोणती संख्या किती जवळ आहे आणि हाती घेतलेल्या कामाला किती जवळीक पुरते, हे ज्याला स्वतः ठरवता येते त्याला पाय समजला, असे मी मानतो. पायचे शंभर अंक पाठ म्हणून दाखवणे हा छंद म्हणून चांगला आहे, पण त्याचा या समजुतीशी फारसा संबंध नाही.

पुढील पायऱ्यांसाठी शिंप्याची किंवा पोलादी टेप, कागदाची लांब अरुंद पट्टी, एक टाचणी आणि वर्गमूळाची कळ असलेला साधा कॅल्क्युलेटर एवढेच साहित्य लागते. सातवी-आठवीपर्यंतचे गणित पुरते.

पहिली पायरी: घरातील गोल वस्तू मोजणे

पाय म्हणजे वर्तुळाचा परीघ आणि त्याचा व्यास यांचे गुणोत्तर. सर्व वर्तुळे एकमेकांशी समरूप असतात, म्हणजे एक वर्तुळ मोठे किंवा लहान करून दुसऱ्यावर बसवता येते, त्यामुळे हे गुणोत्तर वाटीचे असो वा विहिरीचे, एकच राहते. हे वाक्य वाचून मान डोलावणे सोपे आहे, पण एकदा मोजून पाहिल्याशिवाय पुढील पायऱ्यांचे मर्म हाती लागत नाही.

परीघ मोजण्यासाठी अनेक जण दोरा गुंडाळतात. दोरा ताणला जातो, आणि त्याला स्वतःची जाडी असते. बारीक नळीभोवती दोरा गुंडाळला तर प्रत्यक्षात मोजले जाते ते नळीचा व्यास अधिक दोऱ्याची जाडी एवढ्या व्यासाचे वर्तुळ. तीन सेंटिमीटर व्यासाच्या नळीवर एक मिलिमीटर जाडीचा दोरा वापरला की परीघ तीन टक्क्यांहून अधिक वाढतो आणि पाय ३.२४ च्या घरात जाऊन बसतो. म्हणून कागदाची पट्टी घ्यावी, ती वस्तूभोवती घट्ट लपेटावी, जेथे पट्टीचे एक टोक दुसऱ्यावर येते तेथे टाचणीने दोन्ही थरांतून आरपार भोक पाडावे, आणि पट्टी उलगडून दोन भोकांमधील अंतर मोजावे.

व्यास मोजताना चूक होते ती वेगळ्या कारणाने. वर्तुळाचा मध्य कोठे आहे हे डोळ्याला नेमके कळत नाही, आणि टेप मध्यातून किंचितही बाजूला गेली की माप कमी येते. ताट किंवा डबा भिंतीला टेकवून ठेवावा, समोरच्या बाजूने एक जाड पुस्तक उभे करून त्याला टेकवावे, आणि भिंत व पुस्तक यांमधील अंतर दोन ठिकाणी मोजावे. दोन्ही मापे सारखी आली म्हणजे पुस्तक भिंतीला समांतर आहे आणि ते अंतर हाच व्यास आहे.

नागपुरात हिवाळ्यात हा प्रयोग संत्र्यावरही करून पाहण्यासारखा असतो. देठ वर आणि बूड खाली धरून मधल्या फुगीर भागाभोवती पट्टी गुंडाळावी. परीघ बावीस सेंटिमीटरच्या आसपास भरणारे फळ मिळाले तर त्याचा आडवा व्यास सात सेंटिमीटरच्या जवळपास येतो, आणि मुलांना २२/७ हातात धरल्यासारखे वाटते. मात्र संत्रे वरून-खालून चपटे असते आणि आडव्या अंगानेही ते अचूक वर्तुळ नसते, त्यामुळे दोन दिशांनी मोजलेला व्यास एक-दोन मिलिमीटरने वेगळा येतो. हा फरक चुकीचा म्हणून झाकून ठेवू नये, कारण पुढची पायरी त्याच्याबद्दलच आहे.

दुसरी पायरी: आपले माप किती सांगू शकते, हे ठरवणे

समजा स्टीलच्या ताटाचा व्यास ३०.० सेंटिमीटर आणि परीघ ९४.२ सेंटिमीटर आला. भागाकार ३.१४ येतो आणि नवशिक्याला वाटते की काम झाले. पण टेपवर एक मिलिमीटरचा फरक राहू शकतो हे मान्य केले तर खरा व्यास २९.९ ते ३०.१ आणि खरा परीघ ९४.१ ते ९४.३ यांच्या दरम्यान कोठेही असेल. सर्वांत मोठा भागाकार ९४.३ भागिले २९.९ म्हणजे ३.१५४, आणि सर्वांत लहान ९४.१ भागिले ३०.१ म्हणजे ३.१२६. तेव्हा आपल्या मोजमापाने एवढेच सिद्ध झाले की पाय ३.१२६ आणि ३.१५४ यांच्या मधे आहे.

या पट्ट्यात ३.१४ बसतो, २२/७ बसतो आणि ३.१४१६ सुद्धा बसतो, त्यामुळे यांतील कोण अधिक खरा याचा निवाडा ताट आणि टेप करू शकत नाहीत. मात्र ३ ही किंमत पट्ट्याबाहेर पडते. दहाचे वर्गमूळ, म्हणजे ३.१६२, हेही बाहेर पडते. ब्रह्मगुप्ताने सातव्या शतकात व्यवहारासाठी ३ आणि सूक्ष्म कामासाठी दहाचे वर्गमूळ सांगितले होते, आणि या दोन्ही किमती स्वयंपाकघरातील ताटाने नाकारता येतात, ही गोष्ट मला फार आवडते.

२२/७ खोटा ठरवायचा असेल तर किती बारीक मोजावे लागेल? २२/७ आणि पाय यांतील फरक सुमारे ०.००१२६, म्हणजे पायच्या ०.०४ टक्के. तीस सेंटिमीटर व्यासावर हा फरक ०.१२ मिलिमीटर होतो. घरगुती टेपने तो दिसणे अशक्य आहे, म्हणून येथून पुढे मोजणे सोडून विचाराने जावे लागते.

तिसरी पायरी: पायला दोन बाजूंनी कोंडणे

इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात आर्किमिडीजने वापरलेली ही पद्धत आजही साध्या कॅल्क्युलेटरवर दहा मिनिटांत करता येते. व्यास १ असलेले वर्तुळ कल्पावे. मग त्याचा परीघ हाच पाय. वर्तुळाच्या आत बसणारा सुसम षटकोन काढला तर त्याची प्रत्येक बाजू त्रिज्येएवढी, म्हणजे अर्धा, आणि परिमिती ३. वर्तुळाला बाहेरून स्पर्श करणारा सुसम षटकोन काढला तर त्याची परिमिती तीनच्या वर्गमूळाच्या दुप्पट, म्हणजे ३.४६४१०२. आतली सीमा वर्तुळापेक्षा आखूड आणि बाहेरची लांब, म्हणून पाय ३ आणि ३.४६४१०२ यांच्या मधे कोंडला गेला.

आता बाजूंची संख्या दुप्पट करत जायचे. त्यासाठी चित्र काढण्याची गरज नाही, दोन नियम पुरतात. नवी बाहेरची परिमिती काढण्यासाठी जुन्या बाहेरच्या व आतल्या परिमितीचा गुणाकार करावा, त्याची दुप्पट करावी आणि दोन्ही परिमितींच्या बेरजेने भागावे. नवी आतली परिमिती काढण्यासाठी नुकतीच मिळालेली नवी बाहेरची आणि जुनी आतली यांचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ घ्यावे. क्रम बदलू नये, कारण दुसऱ्या नियमात पहिल्याचे उत्तर लागते. सहा दशांश स्थळे ठेवून उत्तरे पुढीलप्रमाणे येतात:

६ बाजू: आत ३.००००००, बाहेर ३.४६४१०२
१२ बाजू: आत ३.१०५८२९, बाहेर ३.२१५३९०
२४ बाजू: आत ३.१३२६२९, बाहेर ३.१५९६६०
४८ बाजू: आत ३.१३९३५०, बाहेर ३.१४६०८६
९६ बाजू: आत ३.१४१०३२, बाहेर ३.१४२७१५

शेवटची ओळ सावकाश वाचावी. पाय ३.१४१०३२ पेक्षा मोठा आहे, म्हणून ३.१४ ही किंमत कमी पडते. पाय ३.१४२७१५ पेक्षा लहान आहे, आणि २२/७ म्हणजे ३.१४२८५७, म्हणून २२/७ जास्त होतो. चार वेळा दुप्पट करून शाळेतील दोन्ही किमती पायएवढ्या नाहीत हे आपण कोणाच्या शब्दावर विसंबून न राहता दाखवले. आर्किमिडीज ९६ बाजूंपर्यंतच गेला होता, आणि त्याच्याकडे दशांश लिहिण्याची सोय नसल्याने त्याने निष्कर्ष अपूर्णांकांत मांडला: पाय २२३/७१ पेक्षा मोठा आणि २२/७ पेक्षा लहान. म्हणजे २२/७ ही ज्याच्या नावावर चालते त्यानेच ती पायची वरची मर्यादा म्हणून सांगितली होती. पाठ्यपुस्तकात ती 'किंमत' म्हणून येते आणि मर्यादा हा भाग गळून पडतो, याची मला खंत वाटते.

प्रत्येक पायरीला दोन सीमांमधील अंतर सुमारे एक चतुर्थांश होते, हे वरच्या आकड्यांवरून पडताळून पाहावे. त्याच आकड्यांतून आणखी एक लाभ होतो. बाहेरच्या बहुभुजाची चूक आतल्याच्या जवळजवळ दुप्पट असते, म्हणून आतली परिमिती दोनदा आणि बाहेरची एकदा घेऊन तीनने भागले की दोन्ही चुका एकमेकींना बहुतांशी खोडून काढतात. ९६ बाजूंच्या ओळीवर हे केले तर ३.१४१५९३ मिळते, आणि सहा दशांश स्थळांपर्यंत पायची किंमत नेमकी हीच आहे.

चौथी पायरी: चांगला अपूर्णांक कसा शोधतात

पायची किंमत ३.१४१५९२६५३५८९७९ अशी कधीही न संपणारी आणि ठरावीक गटात पुन्हा पुन्हा न येणारी दशांश संख्या आहे. योहान लँबर्टने १७६१ मध्ये सिद्ध केले की पाय अपरिमेय आहे, म्हणजे दोन पूर्णांकांचा भागाकार म्हणून तो लिहिता येणार नाही. येथे नवशिक्याची एक अडचण हमखास येते: परीघ भागिले व्यास अशी पायची व्याख्याच भागाकाराची असेल तर तो अपरिमेय कसा? अडचण सुटते ती अशी की एकाच एककात व्यास आणि परीघ दोन्ही पूर्णांक येतील असे वर्तुळ अस्तित्वातच नाही. व्यास नेमका सात सेंटिमीटर असेल तर परीघ नेमका बावीस सेंटिमीटर असू शकत नाही, आणि एकक कितीही बारीक केले तरी परिस्थिती बदलत नाही.

तरीही जवळचे अपूर्णांक शोधता येतात, आणि त्यासाठी कॅल्क्युलेटरवर एक सुंदर कृती आहे. ३.१४१५९२६५ मधून ३ वजा करावेत. उरलेल्या ०.१४१५९२६५ ने १ ला भागावे, उत्तर ७.०६२५ येते. त्यातील ७ बाजूला काढून उरलेल्याने पुन्हा १ ला भागावे, उत्तर १५.९९६६ येते. पहिल्या टप्प्यावरच थांबलो तर ३ अधिक १/७, म्हणजे २२/७ मिळतो. दुसऱ्या टप्प्यावर १५ घेतले तर ३३३/१०६ मिळतो. पण १५.९९६६ ही संख्या १६ च्या इतकी जवळ आहे की १६ घेणेच शहाणपणाचे, आणि मग ३ अधिक १६/११३, म्हणजे ३५५/११३ मिळतो. हा अपूर्णांक ३.१४१५९२९ एवढा असून पायशी सहा दशांश स्थळांपर्यंत जुळतो. चीनमधील झू चोंगझी याने तो पाचव्या शतकात दिला होता. लक्षात ठेवायला ११३३५५ असे सहा अंक लिहून मधोमध तोडावेत, पहिले तीन छेदात आणि नंतरचे तीन अंशात ठेवावेत.

हे अपूर्णांक चांगले का, हे पाहण्यासाठी छेदाशी तुलना करावी. छेद ७ असताना शेजारचे दोन अपूर्णांक एकमेकांपासून १/७, म्हणजे सुमारे ०.१४ अंतरावर असतात, तरी २२/७ पायपासून फक्त ०.००१२६ दूर आहे. ३.१४ हा खरे तर ३१४/१०० आहे. त्याचा छेद १०० आणि चूक ०.००१५९, म्हणजे मोठा छेद घेऊनही तो २२/७ पेक्षा थोडा मागेच पडतो. हातानेच गुणायचे असेल तर म्हणूनच मी २२/७ कडे झुकतो. त्याची चूक कमी आहे आणि उत्तर नेहमी किंचित जास्तच येणार हे आधीपासून ठाऊक असते.

आपल्याकडील गणितज्ञांनी दशमान पद्धतीचा फायदा घेऊन दुसरा मार्ग धरला. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या आपल्या ग्रंथात सांगितले की १०४ ला ८ ने गुणून त्यात ६२,००० मिळवले म्हणजे २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ जवळपास मिळतो. हा परीघ ६२,८३२ होतो आणि गुणोत्तर ३.१४१६. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये 'लीलावती'त दोन किमती शेजारी शेजारी दिल्या: सूक्ष्म परिघासाठी व्यासाला ३९२७ ने गुणून १२५० ने भागा, आणि व्यवहारापुरत्या स्थूल परिघासाठी २२ ने गुणून ७ ने भागा. ६२,८३२ आणि २०,००० या दोहोंना १६ ने भागले की ३९२७ आणि १२५० मिळतात, म्हणजे सूक्ष्म किंमत आर्यभटाचीच आहे. काम पाहून किंमत निवडावी हा विचार या एका श्लोकात आला आहे, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांनी तो उचलला असता तर या लेखाची निम्मी गरज उरली नसती.

पाचवी पायरी: माधवाची श्रेणी

चौदाव्या शतकात केरळातील संगमग्रामच्या माधवाने भूमितीची आकृती मागे ठेवून केवळ बेरीज-वजाबाकीने पाय काढण्याची रीत शोधली. ४ घ्यावेत, त्यातून ४/३ वजा करावा, ४/५ मिळवावा, ४/७ वजा करावा, आणि याप्रमाणे विषम छेद घेत पुढे जावे. हीच श्रेणी युरोपात सतराव्या शतकात लाइबनिट्झच्या नावाने प्रसिद्ध झाली.

करून पाहणाऱ्याची पहिली प्रतिक्रिया निराशेची असते. दहा पदांनंतर ३.०४१८ मिळतात, शंभर पदांनंतर ३.१३१६, आणि हजार पदांनंतरही ३.१४०६, म्हणजे ताटाच्या मोजमापापेक्षा फार पुढे गेल्यासारखे वाटत नाही. माधवाच्या परंपरेची खरी करामत पुढे आहे. जेथे थांबलो तेथे उरलेल्या अनंत पदांच्या बदल्यात एक दुरुस्ती जोडायची: पदांची संख्या चारने गुणून अंशात ठेवावी, पदांच्या संख्येचा वर्ग चारने गुणून त्यात एक मिळवून छेदात ठेवावा, आणि पुढच्या पदाचे जे चिन्ह आले असते ते द्यावे. दहा पदांसाठी ही दुरुस्ती अधिक ४०/४०१, म्हणजे ०.०९९७५१ होते. ३.०४१८४० मध्ये ती मिळवली की ३.१४१५९१ च्या जवळ पोहोचतो आणि चूक केवळ दशलक्षांशात उरते. दहा पदांची मजुरी आणि एका अपूर्णांकाची भर यांनी जे साधले ते नुसत्या श्रेणीने साधायला लाखो पदे लागली असती. माधवाने दिलेली पायची किंमत दशांशात मांडली तर ३.१४१५९२६५३५९ अशी अकरा स्थळांपर्यंत येते.

सहावी पायरी: कामानुसार किंमत निवडणे

आता निवडीकडे येऊ. नागपुरातील सीताबर्डीजवळील झिरो माइलचा दगडी स्तंभ केंद्र धरून नकाशावर १०० किलोमीटर व्यासाचे वर्तुळ आखले आहे असे समजा. पाय ३ धरला तर परीघ १४ किलोमीटरांहून अधिक कमी येतो. दहाचे वर्गमूळ घेतले तर दोन किलोमीटर जास्त येतो. ३.१४ ने १५९ मीटर कमी, २२/७ ने १२६ मीटर जास्त, ३.१४१६ ने ७३ सेंटिमीटर जास्त, आणि ३५५/११३ ने अवघे पावणेतीन सेंटिमीटर जास्त. पण येथे एक मेख आहे. पायची व्याख्या सपाट कागदावरील वर्तुळासाठी आहे आणि नागपूरची जमीन गोल पृथ्वीचा भाग आहे, त्यामुळे एवढ्या वर्तुळाचा प्रत्यक्ष परीघ सपाट हिशेबापेक्षा सुमारे तीन मीटर कमी भरतो. म्हणजे ३.१४१६ च्या पुढचे अंक घेऊन या वर्तुळाबाबत काहीही साधत नाही. आधी पृथ्वीचा गोलवा हिशेबात धरावा लागेल.

दुसरे उदाहरण इतवारी-महालच्या बाजारातील बांगड्यांचे. बांगडीचे माप तिचा आतला व्यास इंचांत सांगते, आणि मापातील दुसरा अंक सोळांश इंच दाखवतो. दोन-चार म्हणजे दोन पूर्णांक चार सोळांश, म्हणजे सव्वादोन इंच. दोन-सहा म्हणजे २.३७५ इंच, दोन-आठ म्हणजे अडीच इंच. २.४ असे लिहिलेले पाहून कॅल्क्युलेटरवर दोन दशांश चार टाकणाऱ्याचा हिशेब तेथेच बिघडतो. बांगडी हातातून जाताना अंगठा आत दुमडलेल्या पंज्याचा सर्वांत रुंद घेर आडवा येतो, तेव्हा तो घेर मोजून पायने भागायचा. समजा तो १८ सेंटिमीटर, म्हणजे ७.०८७ इंच भरला. ३.१४ ने भागले तर २.२५७, २२/७ ने भागले तर २.२५५, आणि पायच्या पूर्ण किमतीने भागले तर २.२५६ इंच येतात. तिन्ही उत्तरे दोन-चारकडेच नेतात. पण 'साधारण तीन' म्हणून ३ ने भागले तर २.३६२ येतात आणि हातात दोन-सहाची ढिली बांगडी पडते. या कामाला ३ पुरत नाही आणि २२/७ च्या पुढे जाण्यात अर्थ नाही.

गच्चीवरील पाण्याच्या टाकीत चुका कशा वाढतात ते दिसते. व्यास एक मीटर आणि पाण्याची उंची १.३ मीटर असेल तर पाणी १०२१ लिटर. ३.१४ घेतल्यास १०२०.५ आणि २२/७ घेतल्यास १०२१.४ लिटर, म्हणजे फरक एका तांब्याएवढाही नाही. पण व्यास मोजताना एकच सेंटिमीटर जास्त घेतला तर उत्तर १०४१ च्या पुढे जाते, म्हणजे एक मोठी बादली. कारण क्षेत्रफळात आणि घनफळात पाय एकदाच गुणला जातो, तर येथे व्यास दोनदा, आणि गोलाच्या घनफळात तीनदा. म्हणून सर्व काळजी व्यासावर खर्च करावी. टाकीसारख्या मोठ्या वस्तूचा व्यास थेट मोजण्याऐवजी बाहेरून घेर मोजून पायने भागावा आणि भिंतीची जाडी दोन्ही बाजूंनी वजा करावी, हे अधिक भरवशाचे.

मे महिन्यात मैदानावर दहा मीटर व्यासाचे वर्तुळ आखणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पोलादी टेपवरील खुणा साधारणपणे २० अंश सेल्सिअस तापमानाला बरोबर असतात. पोलाद दर अंशाला सुमारे ०.००००१२ पट वाढते. नागपूरच्या उन्हात पडून टेप ५५ अंशांपर्यंत तापली तर तिची वाढ ०.०४२ टक्के होते, म्हणजे २२/७ च्या चुकीएवढीच. लांबलेली टेप माप कमी दाखवते आणि २२/७ उत्तर जास्त देतो, त्यामुळे अशा टेपने व्यास मोजून २२/७ ने गुणले तर दोन चुका एकमेकींना जवळजवळ खोडतात आणि परिघात एक मिलिमीटरचाही फरक राहत नाही. उलट घेर मोजून २२/७ ने भागले तर दोन्ही चुका एकाच दिशेने जातात आणि दहा मीटरचा व्यास आठ मिलिमीटरने कमी येतो. हा योगायोग आहे, त्यावर विसंबून काम करू नये. पण केवळ पायचे अंक वाढवून उत्तर सुधारत नाही हे त्यातून पुरेसे स्पष्ट व्हावे.

साधा नियम सांगायचा तर, आपल्या मापात जितके अंक भरवशाचे आहेत त्यापेक्षा एक किंवा दोन अंक जास्त असलेली पायची किंमत घ्यावी. घरगुती टेपला २२/७ किंवा ३.१४२, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत काम करणाऱ्या लेथवर ३.१४१५९ किंवा ३५५/११३. अमेरिकेची जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरी आंतरग्रहीय याने चालवताना पंधरा दशांश स्थळांवर, म्हणजे ३.१४१५९२६५३५८९७९३ वर भागवते. २०२२ मध्ये गूगलच्या संगणकांवर पायचे १०० लाख कोटी अंक काढण्यात आले. त्यांचा उपयोग संगणकाची आणि गणनपद्धतीची कसोटी घेण्यासाठी होतो, काही मोजण्यासाठी नाही.

सातवी पायरी: वहीत आणि यंत्रावर लिहिताना

परीक्षेत प्रश्नात दिलेली किंमतच वापरावी, तुम्हाला अधिक अचूक किंमत ठाऊक असली तरीही, कारण उत्तरपत्रिका तपासणाऱ्याकडील उत्तर त्याच किमतीने काढलेले असते. किंमत दिली नसेल आणि त्रिज्या ७, १४, २१ अशी सातने भाग जाणारी, किंवा सातच्या निम्मी म्हणजे ३.५ असेल तर २२/७ ने आकडेमोड सोपी होते. त्रिज्या १० किंवा २० असेल तर ३.१४ बरा. उत्तर '४९ पाय चौरस सेंटिमीटर' असे ठेवण्यास मुभा असेल तर तसेच ठेवावे, कारण त्या रूपात मुळीच चूक नसते. आणि २२/७ घेऊन काढलेल्या १५४ चौरस सेंटिमीटरपुढे 'सुमारे' लिहावे, किंवा निदान मनात धरावे. त्रिज्या ७ असताना खरे क्षेत्रफळ १५३.९४ असते.

गणित अनेक टप्प्यांचे असेल तर पायची किंमत शेवटच्या टप्प्यात घालावी. मधेच घालून उत्तर दोन स्थळांवर तोडले आणि पुढे पुन्हा गुणले की तोडलेला भाग वाढत जातो. कधी कधी पाय अंशात व छेदात दोन्हीकडे येऊन उडून जातो आणि किंमत घालण्याची गरजच उरत नाही. शंकूचे घनफळ त्याच उंचीच्या व तेवढ्याच तळाच्या दंडगोलाच्या एक तृतीयांश असते हे दाखवताना ३.१४ ने गुणत बसलेली मुले दिसतात, ते श्रम वाचतात.

शास्त्रीय कॅल्क्युलेटरवर पायची स्वतंत्र कळ असते, ती वापरावी. पडद्यावर ३.१४१५९२६५४ दिसते, पण शेवटचा ४ हा पुढचे अंक पाहून वाढवलेला आहे. तेथे खरे अंक ३५८९ असे पुढे जातात, म्हणून पडद्यावरून पाहून वहीत उतरवलेला आकडा पायचे पहिले दहा अंक म्हणून पाठ करू नये. साध्या कॅल्क्युलेटरवर ही कळ नसेल तर ३५५ भागिले ११३ करावे, आठ अंकी पडद्यावर ३.१४१५९२९ दिसते. पहिल्या सहा दशांश स्थळांपर्यंत तो पायच आहे, फरक सातव्या स्थळी आहे. संगणकावरील एक्सेलसारख्या तक्त्यांत पायचे तयार सूत्र असते आणि ते पंधरा अंकांपर्यंतची किंमत देते, त्यामुळे तेथे प्रत्येक रकान्यात ३.१४ टाइप करण्याची सवय सोडावी: नंतर किंमत बदलायची झाल्यास ती शेकडो ठिकाणी शोधत बसावी लागते.